कुणी न सोपवलेले काम



भाषांतर या विषयावर आपण व्याख्याने ऐकतो तेव्हा बोलणे बहुधा पुस्तकांकडे वळते. आज मी ज्या भाषांतराबद्दल बोलणार आहे ते कुणी छापले नाही आणि विकलेही नाही. त्याला प्रकाशक नव्हता, मानधन नव्हते, आणि कायदा काटेकोरपणे लावला तर ते करायचा अधिकारही करणाऱ्यांना नव्हता. तरीही गेल्या वीसेक वर्षांत जी भाषांतरे जीव ओतून झाली, त्यांत मी त्याला फार वरचे स्थान देते. ‘मदर ३’ हा जपानी व्हिडिओ गेम. त्याचे इंग्रजी भाषांतर १७ ऑक्टोबर २००८ रोजी लोकांच्या हाती आले, आणि ते काही चाहत्यांनी आपल्या फावल्या वेळात केले होते.

खेळाचा कर्ता शिगेसातो इतोई हा मूळचा जाहिरातीचा मजकूर लिहिणारा माणूस, आणि जपानमध्ये त्या कामासाठी तो घराघरांत ठाऊक आहे. आपल्यापैकी काहींनी मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ पाहिला असेल. मूळ जपानी चित्रपटात त्या दोन बहिणींच्या वडिलांना आवाज दिला आहे तो याच इतोईने. त्याने ‘मदर’ नावाचा खेळ १९८९ साली लिहिला, दुसरा १९९४ साली. दुसरा भाग १९९५ मध्ये ‘अर्थबाउंड’ या नावाने अमेरिकेत गेला. तिथे तो फारसा खपला नाही, पण ज्या मुलांनी खेळला त्यांच्या मनातून तो गेला नाही. पहिल्या भागाची गोष्ट तर चटका लावणारी आहे. त्याचे इंग्रजी रूपांतर निन्टेन्डो या कंपनीने १९९० सालीच पुरे करून घेतले होते, आणि ते पडून राहिले. अधिकृतपणे बाहेर आले २०१५ मध्ये. पंचवीस वर्षे तयार भाषांतर कपाटात होते!

तिसऱ्या भागाची वाट पाहणेच मुळात लांबले. आधी तो निन्टेन्डो ६४ या यंत्रासाठी बनत होता. २००० साली ते काम रद्द झाले, २००३ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्स या हातातल्या छोट्या यंत्रासाठी नव्याने सुरू झाले, आणि २० एप्रिल २००६ रोजी खेळ जपानमध्ये विक्रीला आला. इंग्रजीत येण्याचे चिन्ह दिसेना. चाहत्यांनी सह्या गोळा केल्या, कंपनीला निवेदने दिली. २००८ च्या सुरुवातीला तर अशी अवस्था आली की ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ या दुसऱ्याच खेळात ‘मदर ३’चा नायक लुकास मारामारी करताना दिसू लागला. इंग्रजी खेळाडूंना त्याचा चेहरा ठाऊक झाला, पण त्याची कथा मात्र ठाऊक नव्हती.

आणि कथा तर सांगण्याजोगी. ताझमिली नावाचे एक गाव आहे. तिथे पैसा म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही. लुकास आणि क्लाउस ही जुळी भावंडे तिथली. पहिल्याच प्रकरणात त्यांची आई हिनावा मरते. मग डुकराचे मुखवटे घातलेली एक फौज येते, पाठोपाठ पैसा येतो, घराघरांत प्रकाशणाऱ्या पेट्या येतात, आणि आठ प्रकरणांत ते गाव आतून बदलत जाते. दुःख झालेला बाप कसा वागतो, भाऊ हरवलेला मुलगा कसा मोठा होतो, शेजारी पैशाची सवय झाल्यावर कसे बोलू लागतात, हे सगळे त्या इवल्याशा पडद्यावर घडते. माझ्याकडे जपानी शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बरीच खेळ आणि ॲनिमे यांच्या ओढीनेच येतात. पूर्वी मला ती ओढ उथळ वाटत नसे असे नाही. या खेळाचा मजकूर वाचल्यावर तो प्रश्न माझ्यापुरता मिटला.

२००६ च्या अखेरीस या भाषांतराचे काम सुरू झाले. प्रमुख भाषांतरकार क्लाइड मँडलिन. हा गृहस्थ हौशी नव्हे. जपानी ॲनिमे आणि खेळ यांचे भाषांतर करूनच तो पोट भरत होता. ‘वन पीस’सारख्या मालिकेवर त्याने काम केले आहे. ज्या उद्योगाकडून आपल्याला रोजी मिळते, त्याच उद्योगातल्या एका मोठ्या कंपनीच्या मालमत्तेला परवानगीशिवाय हात लावायचा, यात जोखीम होती. त्याच्यासोबत डझनभर माणसे. त्यांनी पहिल्यापासून एक गोष्ट स्पष्ट ठेवली: कंपनीने अधिकृत इंग्रजी आवृत्ती जाहीर केली, की आपण तिथेच थांबायचे. आपण करतो आहोत ते काम निरर्थक ठरावे अशी मनापासून इच्छा बाळगून माणसे रात्री जागत होती. आजचे माझे सगळे बोलणे या एका गोष्टीभोवती आहे.

काम काय असते, ते नीट सांगते. कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जपानी वाचायचे आणि इंग्रजी लिहायचे. पुस्तकाचा भाषांतरकार कोऱ्या कागदावर लिहितो. इथे कागदच नाही. खेळाचा मजकूर कार्ट्रिजच्या चिपमध्ये आकड्यांच्या रूपात असतो. कुठला आकडा म्हणजे कुठले अक्षर, याची यादी कंपनी कुणाला देत नाही. ती शोधून काढावी लागते. पडद्यावर दिसणारे वाक्य घ्यायचे, चिपमधल्या लाखो आकड्यांत त्याच्याशी जुळणारा क्रम हुडकायचा, आणि हळूहळू सगळी वर्णमाला उभी करायची. त्यानंतर संपूर्ण मजकूर बाहेर काढायचा. प्रत्येक वाक्य चिपमध्ये कुठे सुरू होते याच्या खुणा वेगळ्या ठेवलेल्या असतात, अगदी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारख्या. इंग्रजी वाक्य जपानीपेक्षा लांब झाले की पुढची सगळी पाने सरकतात, आणि अनुक्रमणिका पुन्हा लिहावी लागते. एक खूण चुकली तर म्हातारीच्या तोंडी पोराचे बोलणे येते, किंवा खेळ जागच्या जागी थिजतो.

मग अक्षरांची रुंदी. जपानी अक्षरे सारख्या चौकटीत बसतात. इंग्रजीतली ‘आय’ आणि ‘एम’ ही अक्षरे त्याच मापात बसवली तर शब्द दात पडल्यासारखे दिसतात आणि ओळीत जेमतेम चार शब्द मावतात. म्हणून प्रत्येक अक्षर आपापल्या रुंदीने उमटेल अशी व्यवस्था खेळाच्या यंत्रणेत शिरून नव्याने लिहावी लागली. ती संवादासाठी लिहिली म्हणून यादीच्या पडद्याला चालते असेही नाही; तिथला मजकूर वेगळ्या रीतीने रंगवलेला, लढाईतला आणखी वेगळ्या. व्याकरणही आड येते. जपानीत नामाआधी इंग्रजीसारखी उपपदे नसतात. लढाईत ‘अमक्याने हल्ला केला’ हे वाक्य यंत्र स्वतः जुळवते, अमक्याच्या जागी शत्रूचे नाव घालते. एखाद्या प्राण्याच्या आधी इंग्रजीत उपपद हवे, विशेषनामाआधी नको. मग शत्रूगणिक ही माहिती यंत्राला पुरवायची, आणि ती वाचणारी नवी आज्ञा खेळात घुसवायची. हे सगळे अशा प्रोग्राममध्ये, ज्याची मूळ संहिता यांच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती.

इतोईच्या भाषेची अडचण निराळी. त्याने हा खेळ बहुतेक सगळा काना लिपीत लिहिला आहे. काना म्हणजे उच्चारानुसार लिहायची लिपी. जपानीत नेहमीच्या लिखाणात चिनी मूळची कांजी अक्षरे असतात, ती पाहताक्षणी अर्थ सांगतात. ती काढून घेतली की वाक्य बोलल्यासारखे होते. वाचणाऱ्याने ते कानाने ऐकायचे. लहान मुलाला कळेल असे आणि मोठ्या माणसाला टोचेल असे लिहिणे त्याला साधते. असे साधे वाक्य भाषांतरकाराची सर्वांत कठीण परीक्षा घेते, कारण लपायला जागाच नसते. मँडलिनच्या इंग्रजीत हिनावाच्या मृत्यूची बातमी येते तो प्रसंग मी जपानीशी लावून वाचला आहे. त्याने एक शब्दही चढवलेला नाही. मुद्रित साहित्याच्या कितीतरी भाषांतरांत हा संयम मला दिसत नाही.

यानंतर तपासणी. या खेळात गावकरी प्रत्येक घटनेनंतर वेगळे बोलतात. म्हणजे तपासणाऱ्याने कथेतल्या प्रत्येक टप्प्यावर थांबून गावातल्या प्रत्येक माणसाशी, कुत्र्याशीही, बोलून पाहायचे. ओळ चौकटीबाहेर जाते का, नाव तुटते का, हे टिपायचे. आणि दुरुस्ती झाली की पुन्हा. या कामाला कसलाही झगमगाट नाही. माझ्या मते भाषांतराची खरी निष्ठा इथे दिसते, प्रस्तावनेत नाही.

बाहेर आले ते ‘पॅच’ या रूपात. पॅचमध्ये खेळ नसतो, मूळ आणि बदललेली प्रत यांतला फरक तेवढा असतो. मूळ खेळ ज्याच्याजवळ आहे त्यालाच त्याचा उपयोग. सगळ्यांनी मूळ खेळ विकत घेतला का? नाही. पुष्कळांनी फुकटची नक्कल वापरली, आणि हे या चळवळीचे खरे दुखणे आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. पहिल्या आठवड्यातच एक लाखाहून जास्त वेळा तो पॅच उतरवून घेतला गेला. एप्रिल २०१३ मध्ये ‘अर्थबाउंड’ नव्या यंत्रावर पुन्हा येणार असे जाहीर झाले, तेव्हा मँडलिनने उघडपणे सांगितले की माझा सगळा मजकूर आणि फायली कंपनीने विनामूल्य घ्याव्यात, लागल्यास मी नव्याने भाषांतर करून देईन. त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

अशा माणसांपैकी आणखी एकाचे नाव घेते. निअर या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने किशोरवयात, १९९८ च्या सुमारास, ‘बहामुत लगून’ या १९९६ च्या खेळाचे भाषांतर हाती घेतले. ते मनासारखे होईना. संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणारे त्या वेळचे एम्युलेटर इतके ढिले होते की त्यांवर नीट चाललेले भाषांतर खऱ्या यंत्रावर लावले की बिघडे. तेव्हा निअरने स्वतःच ‘बीस्नेस’ नावाचा एम्युलेटर लिहिला, मूळ यंत्राच्या वागण्याशी तंतोतंत जुळणारा. जुन्या खेळांच्या जतनात आज त्याचे स्थान मोठे आहे. आणि ते भाषांतर? ते पुरे व्हायला सुमारे तेवीस वर्षे लागली. मजकूर मँडलिनचा होता.

आता हक्काचा प्रश्न. भाषांतराचा अधिकार मूळ कर्त्याचा, हे बर्न करारात स्पष्ट आहे आणि ते योग्यच आहे. मी स्वतः भाषांतर करते, मला त्या तरतुदीचा आधार वाटतो. ‘फायनल फॅन्टसी टाइप-०’ या दुसऱ्या एका कंपनीच्या खेळाचे चाहत्यांचे भाषांतर २०१४ मध्ये आले आणि त्या कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर मागे घ्यावे लागले, अधिकृत आवृत्ती पुढच्या वर्षी आली. तिथे कंपनीकडे सांगण्याजोगे कारण होते. पण जिथे अधिकृत आवृत्ती येतच नाही, वर्षानुवर्षे, तिथे काय? आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक शहाणी सोय आहे. कलम ३२ नुसार, पुस्तक प्रथम प्रकाशित होऊन सात वर्षे उलटली, की कुणालाही त्याच्या भाषांतराच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. लेखकाला मोबदला द्यायचा असतो. हक्क मालकाचाच राहतो, पण तो दाबून ठेवायला काळाची मर्यादा पडते. खेळांसाठी अशी वाट कुठे असती, तर मँडलिनने पैसे भरून, रीतसर, पहिल्यांदा तिच्याच दारात उभे राहणे पसंत केले असते, असे मला वाटते.

वाट नाही म्हणून मार्ग निघतच नाही असेही नाही. निहोन फाल्कोम या कंपनीचा ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’ हा २०१० चा खेळ. जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाने त्याचे इंग्रजी भाषांतर मार्च २०२० मध्ये पुरे केले. पुढच्या वर्षी एनआयएस अमेरिका या कंपनीने जाहीर केले की आमची अधिकृत आवृत्ती याच भाषांतरावर उभी राहील. गटाने आपला पॅच त्याच वेळी काढून घेतला, आणि २०२२ मध्ये खेळ दुकानांत आला. कंपनीला तयार, तपासलेला मजकूर मिळाला, गटाला मान मिळाला, खेळाडूंना खेळ मिळाला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मदर ३’ निन्टेन्डो स्विच यंत्राच्या सेवेत आला, पण फक्त जपानमध्ये आणि फक्त जपानीत. त्याचे इंग्रजी भाषांतर तयार आहे, हजारो लोकांनी खेळून पारखलेले आहे, आणि भाषांतरकाराने ते फुकट देऊ केले आहे. कंपनीने ते घ्यावे, एवढेच मागणे आहे.