ताटातले लोह रक्तात कसे जाईल?
(पालक सभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, भाषेचा शिक्षक आहे. तरीही आज भाजी-भाकरीवर बोलणार आहे, त्याला कारण आहे. माझ्या वर्गातील एक मुलगी तासाला पेंगत असे. आळशी समजून मी तिला अनेकदा रागावलो. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन फार कमी निघाले. तिची आई म्हणाली, "सर, मेथी, चवळी, बाजरीची भाकरी, सगळे देते मी. मग असे का व्हावे?"

प्रश्न रास्त होता. ताटातले सगळेच लोह अंगी लागत नाही. मटणातील लोह शरीर सहज शोषून घेते. धान्य-भाजीतील लोह थोडेच शोषले जाते. त्यात चहातील टॅनिन त्याला आडवे येते. ते लोहाला आतड्यातच बांधून ठेवते, आणि लोह रक्तात न जाता बाहेर पडते. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. आमची ही मुलगी सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येई आणि रात्री जेवण आटोपताच पुन्हा चहा घेई.

हा एकाच घरचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला.

उपाय महाग नाही. चहा सोडू नका, वेळ बदला. जेवण आणि चहा यांत किमान एक तास जाऊ द्या. लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. शिजवताना ते बरेचसे नष्ट होते. म्हणून लिंबू पातेल्यात नव्हे, ताटात पिळा. कडधान्यांना मोड आणा. त्यामुळे लोह अडवणारे फायटेट कमी होते.

मात्र रक्त फार कमी असेल तर केवळ आहारावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलींनो, शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी दप्तरात ठेवू नका, आणि चहाबरोबर तर मुळीच घेऊ नका.

पालकहो, मुलगी पेंगली तर रागावण्याआधी तिचे रक्त तपासून घ्या. मी ते केले नाही, याची खंत मला आहे.