दस्तऐवजांचा माणूस : बाळासाहेब खेर आणि आपला विश्वस्त कायदा

(विश्वस्त मंडळाच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



अहवालवाचन झाल्यावर एखाद्या थोर व्यक्तीचे स्मरण करण्याची आपली प्रथा आहे. बहुधा ती व्यक्ती वैद्यकशास्त्रातील असते. यंदा आम्ही एका वकिलाचे नाव सुचविले तेव्हा काही विश्वस्तांनी भुवया उंचावल्या, ते स्वाभाविकच होते. परंतु आपल्या कार्यालयात भिंतीवर जे नोंदणी प्रमाणपत्र लावले आहे, ते ज्या १९५० च्या कायद्याखाली मिळाले, तो कायदा या वकिलाच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत झाला. म्हणून बाळासाहेब गंगाधर खेर यांचे नाव या सभेला परके नाही.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीत झाला. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल आणि मुंबईचे विल्सन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १९०८ साली ते पदवीधर झाले, संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले आणि १९१२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. काही काळ उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे काम करून १९१८ साली ते सॉलिसिटर झाले. 'मणिलाल खेर आणि कंपनी' ही त्यांची पेढी.

येथे थोडे थांबावेसे वाटते. वकील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालयात उभा राहून बोलणारा माणूस येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत त्या काळी दोन प्रकारचे व्यावसायिक असत. बॅरिस्टर युक्तिवाद करीत. पक्षकाराला भेटणे, त्याची हकीकत ऐकून घेणे, मृत्युपत्रे आणि विश्वस्तपत्रे लिहिणे, जमिनीचे हक्क तपासणे, बॅरिस्टरासाठी प्रकरण तयार करून देणे, ही कामे सॉलिसिटर करीत. नाव गाजे ते बॅरिस्टरांचे. सॉलिसिटराचे काम दस्तऐवजात राही आणि पन्नास वर्षांनी वाद निघाला तरच ते कोणाच्या दृष्टीस पडे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेतील आणि आयुष्य जमाखर्चात गेलेले, म्हणून असेल, पण आम्हाला या दुसऱ्या जातीच्या माणसांविषयी अधिक आपुलकी वाटते. बाळासाहेबांची राजकीय कारकीर्दही आम्हाला सॉलिसिटराचीच वाटते.

१९२२ च्या सुमारास ते सार्वजनिक जीवनात आले आणि स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. १९३० आणि १९३२ च्या सविनय कायदेभंगात त्यांनी कारावास भोगला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात काँग्रेसला सत्ता मिळाली. नेतेपदी मुंबईचे लोकप्रिय पुढारी आणि वकील के. एफ. नरिमन येतील असे पुष्कळांना वाटत होते, परंतु विधिमंडळ पक्षाने बाळासाहेबांची निवड केली. नरिमन यांनी सरदार पटेलांवर आरोप केले. महात्मा गांधी आणि डी. एन. बहादुरजी यांनी चौकशी केली आणि निर्णय नरिमन यांच्या विरुद्ध गेला. त्या प्रकरणाची कटुता पुढे बरीच वर्षे राहिली. ज्यांच्यासाठी हे वादळ उठले ते बाळासाहेब स्वतः पद मागणाऱ्यांपैकी नव्हते.

जुलै १९३७ मध्ये ते प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्य मंत्र्याला हीच संज्ञा होती. काँग्रेसच्या धोरणानुसार मंत्री दरमहा ५०० रुपये वेतन घेत. सविनय कायदेभंगात ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या होत्या, त्यांना त्या परत मिळाव्यात म्हणून कायदा करण्यात आला. आरोग्य खाते हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. सर्वच निर्णय सर्वांना रुचले असे नाही. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने संपावर बंधने आली, तेव्हा विरोधी बाकांवरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर कठोर टीका केली आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. स्वातंत्र्याच्या चळवळीत वाढलेल्या सरकारने संपाच्या हक्कावर मर्यादा घालावी, ही बाब आम्हालाही त्या कारकिर्दीतील उणी वाटते. महायुद्धात भारताला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सत्तेबाहेरच्या काळात, १९४० साली, ठाणे जिल्ह्यातील आदिवासींसाठी आदिवासी सेवा मंडळ स्थापन झाले आणि बाळासाहेब त्याचे अध्यक्ष होते. पुन्हा कारावास घडला. १९४६ मध्ये ते पुन्हा मुख्य मंत्री झाले ते १९५२ पर्यंत. कुळकायदा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, हरिजनांना मंदिरप्रवेश यांविषयीचे कायदे आणि पुणे विद्यापीठाची स्थापना ही सर्व त्याच सहा वर्षांतील.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९५० पूर्वी धर्मादाय मालमत्तेसाठी एकच एक कायदा नव्हता. मुस्लिम वक्फांसाठी १९२३ चा, पारशी न्यासांसाठी १९३६ चा, इतरांसाठी १९३५ चा नोंदणी कायदा होता. एखाद्या विश्वस्ताने देवस्थानची जमीन आपल्या जावयाच्या नावे केली, तर ज्यांना त्या न्यासात हितसंबंध आहे अशा किमान दोघांनी ॲडव्होकेट जनरलची संमती मिळवून दिवाणी दावा लावावा, हा मार्ग होता. खेड्यातल्या माणसाने ते कसे करावे? न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या समितीने या साऱ्याचा विचार केला आणि त्यानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम संमत झाला. सर्व धर्मांच्या न्यासांसाठी एक कायदा आणि त्यांच्यावर देखरेखीसाठी धर्मादाय आयुक्त हे पद निर्माण झाले. दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि लोकोपयोगी इतर कार्य हे धर्मादाय हेतू म्हणून कायद्याने स्पष्ट केले.

काही न्यासांनी या कायद्याला आव्हान दिले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात काही तरतुदी धार्मिक स्वातंत्र्याच्या कारणाने रद्द केल्या, मात्र कायद्याचा गाभा आणि न्यासांकडून घ्यावयाची वर्गणी ग्राह्य ठरविली. तोपर्यंत बाळासाहेब लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणून काम करीत होते. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले, १९५५ मध्ये ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि मार्च १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

आमचे काही देणगीदार दरवर्षी तक्रार करतात की एवढे कागद कशाला? विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अहवाल, हिशेबाचे लेखापरीक्षण, इमारत विकायची किंवा तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली आयुक्तांची पूर्वपरवानगी. आम्ही स्वतः त्या कार्यालयाच्या बाकावर बसून अनेक दुपारी घालविल्या आहेत, तेव्हा या तक्रारीत तथ्य नाही असे म्हणण्याचे धैर्य आमच्याजवळ नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या गृहस्थांनी आपली जागा रुग्णालयास दिली ते आज हयात नाहीत. ती जागा उद्या कोणी विकू लागला तर हरकत घेण्यास ते येऊ शकत नाहीत. त्यांच्या वतीने विचारणारा कोणीतरी असावा, एवढ्यासाठीच कलम ३६ आहे. सॉलिसिटराला हे शिकवावे लागत नाही. मृत पक्षकाराची इच्छा सांभाळणे हाच त्याचा व्यवसाय.

याच कायद्यात १९८५ साली कलम ४१ कक आले. त्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना मंजूर केली : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. कायद्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन २०१२ मध्ये 'महाराष्ट्र' आले, पण क्रमांक तोच राहिला.

रुग्णांच्या नातेवाईकांना आमचे एवढेच सांगणे आहे. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन आपण आमच्या खिडकीशी याल, तेव्हा आवाज खाली करण्याचे कारण नाही. ती खाट आमच्या मेहेरबानीची नाही. त्या निधीचा वर्षभराचा जमाखर्च या अहवालाच्या अखेरच्या पृष्ठांवर छापला आहे. तो कोणालाही तपासता येईल, आणि काही विचारावयाचे असल्यास आम्ही सभेनंतर लेखा विभागात बसलेले असू.