बामियानचा न्याय कुठे अडला?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अफगाणिस्तानात बामियान इथे डोंगरात कोरलेल्या दोन बुद्धमूर्ती होत्या. एक ५५ मीटर, दुसरी ३८ मीटर उंच. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी १९६९ ते १९७७ या काळात त्यांची डागडुजी केली होती. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उडवल्या. साऱ्या जगाने निषेध केला, पण शिक्षा एकालाही झाली नाही.

का झाली नाही? युद्धात असा ठेवा जपण्याचा हेग करार १९५४ सालीच झालेला. भारताने तो १९५८ साली मान्य केला. अफगाणिस्तान मात्र तेव्हा त्यात नव्हता. पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय २००२ साली सुरू झालं. पण अफगाणिस्तानातले मे २००३ पासूनचेच गुन्हे त्याच्या कक्षेत येतात. बामियान राहून गेलं.

आता दुसरं उदाहरण बघा. आफ्रिकेतल्या माली देशात, टिंबक्टू शहरात, २०१२ साली सशस्त्र टोळ्यांनी सूफी संतांचे दर्गे पाडले. त्यांतला एक म्होरक्या अहमद अल महदी या कोर्टापुढे उभा राहिला. त्याने गुन्हा कबूल केला. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याला ९ वर्षांची कैद झाली. फक्त वारसा फोडल्याबद्दल या कोर्टाने दिलेली ही पहिली शिक्षा!

कुणी म्हणेल, दगडच फुटले, माणसं थोडीच मेली? कोर्टानेही मानलं की माणसांवरचा गुन्हा जास्त गंभीर. पण त्या दर्ग्यांवर गावाची श्रद्धा होती. घाव माणसांच्या मनावर बसला. म्हणून २०१७ साली २७ लाख युरोंची भरपाईही ठरली.

लक्षात घ्या, तिथे फोडणारेही मुसलमान आणि रडणारेही मुसलमान. शिक्षा गुन्हेगाराला झाली, समाजाला नाही. तेव्हा बामियानचा राग आपल्या शेजारच्या मोहल्ल्यावर काढणं हा न्यायही नव्हे आणि धम्मही नव्हे.

खटला उभा राहतो पुराव्यावर. टिंबक्टूच्या खटल्यात फोटो आणि चित्रफिती कामी आल्या. आपल्या सोलापूरहून गुलबर्ग्याच्या पुढे गेलं की सन्नतीजवळ कनगनहळ्ळीचा स्तूप लागतो. सम्राट अशोकाचं नाव कोरलेलं त्याचं शिल्प तिथे सापडलं. मुलांना घेऊन जा, दाखवा, फोटो काढा, लिहून ठेवा. आणि लेण्यांच्या भिंतीवर आपलं नाव कोरणाऱ्याचा हात तिथल्या तिथे धरा. जे आहे त्याची नोंद आपणच ठेवली नाही, तर उद्या कोर्टात दाखवणार काय?

नमो बुद्धाय! जयभीम!