लाल कान आणि पहिला डाव

सन १८४६ मध्ये जपानातील ओसाका परिसरात ‘गो’ या पटावरील खेळाचा एक डाव चालला होता. एका बाजूस गेन्नान इन्सेकी हा कसलेला खेळाडू, दुसऱ्या बाजूस अवघ्या सतरा वर्षांचा शुसाकू. डाव इन्सेकीकडे झुकत आहे, असे जाणकारांचे मत होते. शुसाकूने १२७ वा खडा मांडला आणि पाहणाऱ्यांतील एक वैद्य म्हणाला, की आता इन्सेकीचे काही खरे नाही. वैद्याला खेळात फारसे गम्य नव्हते, अशी आख्यायिका आहे. त्याने पाहिले होते ते इन्सेकीचे लाल झालेले कान. डाव शुसाकूने जिंकला आणि ‘कान लाल करणारा डाव’ म्हणून तो आजही ओळखला जातो.

जेथे असा मुरब्बी गडी मनाची चलबिचल लपवू शकला नाही, तेथे नुकताच खेळ शिकलेल्या माणसाने संगणकासमोर बसून ऑनलाइन डावाचे पहिले आव्हान स्वीकारताना कचरावे, यात नवल ते काय? नियम तसे मोजकेच. काळे आणि पांढरे खडे आळीपाळीने रेघांच्या छेदांवर मांडावयाचे, जागा वेढावयाची, आणि ज्या खड्यांना लागून एकही मोकळा छेद उरला नाही ते उचलले जावयाचे. परंतु पटावर एकोणीस आडव्या व एकोणीस उभ्या रेघा, म्हणजे ३६१ छेद, आणि आरंभी सारा पट रिकामा. बुद्धिबळात निदान मांडलेली मोहरी तरी धीर देतात! त्यात समोरच्या गड्याचे केवळ टोपणनाव दिसते आणि कोपऱ्यात घड्याळ सेकंद मोजीत असते.

मग पुष्कळ नवशिके महिनोन्महिने यंत्राशीच खेळत राहतात, किंवा इतरांचे डाव नुसते पाहतात. त्याने डोळा तयार होतो हे खरे. पण काठावर बसून पाण्याची भीती जात नाही.

या भीतीच्या मुळाशी बहुधा एक गैरसमज असतो. आपण हरलो तर समोरच्याचा वेळ फुकट जाईल, असे नवख्याला वाटते. वास्तविक सबळ-दुर्बळांना एका पटावर बसविण्याची सोय या खेळात फार पूर्वीपासून आहे. नवख्यांच्या पायऱ्या ‘क्यू’ या नावाने मोजतात. तिसाव्या क्यूपासून पहिल्यापर्यंत यावयाचे, आणि त्यापुढे ‘दान’ सुरू होतात. दोघांत जितक्या पायऱ्यांचे अंतर, साधारण तितके खडे दुबळ्या गड्याला आरंभीच पटावर मिळतात. नऊ खड्यांपर्यंत ही सवलत रूढ आहे. ऑनलाइन खेळात ही पायरी हारजितीच्या हिशेबावरून ठरते. तेव्हा नवशिक्याचे पहिले काही पराभव त्याला त्याच्या तोडीच्या गड्यांकडेच नेऊन पोचवितात. जो खेळतच नाही त्याची पायरी कोण ठरविणार? पहिले शंभर डाव लवकर हरून टाकावेत, असे या खेळातील जुने लोक सांगतात. आकडा जरा निर्दयच म्हणावयाचा.

नऊ रेघांच्या लहान पटावर ८१ च छेद असतात आणि डाव काही मिनिटांत आटोपतो. पहिली धडपड तेथे करणे सोयीचे. घड्याळाचा धसका असेल, तर एकेका खेळीला दिवस-दोन दिवसांची मुदत देणारे संथ डावही मिळतात. आरंभी नमस्काराचा एखादा शब्द लिहावा; मी नवखा आहे, हेही सांगून टाकावे. त्याने अर्धे ओझे उतरते. डाव हाताबाहेर गेला की तो सोडून देणे या खेळात कमीपणाचे मानीत नाहीत.

आणि ऑनलाइन डावाचा एक लाभ इन्सेकीच्या काळी नव्हता. सगळा डाव खेळीगणिक आपोआप नोंदला जातो. हरल्यावर मागे जाऊन, नेमके कोठे बिनसले, ते दोघांनाही पाहता येते. नवशिक्याचे कान तापलेले असतात, पण ते कोणाला दिसत नाहीत. पडद्यावर मात्र कोठल्या तरी दूरच्या गावाहून एक ओळ उमटते: तुमचे कोपऱ्यातील खडे कसे वाचले असते, ते दाखवू का?