पॅलेडियन वाडे आणि त्यांतील सोनेरी मेजे

इटलीतील विचेन्झा नगरीत नावारूपास आलेला वास्तुशिल्पी आंद्रेआ पॅलेडिओ १५८० साली निवर्तला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, दूर इंग्लंडात, त्याच्या नावाने एक संप्रदायच उभा राहिला. प्रमाणबद्ध स्तंभ, त्रिकोणी शीर्ष आणि साध्या भिंती हा त्या संप्रदायाचा आचार. लॉर्ड बर्लिंग्टन हा त्याचा आचार्य. १७२९ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्याच्या चिझिक येथील वाड्याकडे बाहेरून पाहणारास संयमाचेच दर्शन घडते. आत पाऊल टाकताच मात्र सोनेरी झळाळीने डोळे दिपतात.

हा विरोध उद्भवला कसा? पॅलेडिओच्या १५७० सालच्या ग्रंथाने घर कसे बांधावे हे शिकविले. घरातील मेजे-खुर्च्या कशा असाव्यात, याचा नमुना घालून दिला नाही. ही उणीव विल्यम केंटने भरून काढली. यॉर्कशायरमधील सामान्य कुळातला हा चित्रकार १७०९ पासून दहा वर्षे इटलीत राहिला. रोममधील प्रासादांतील अवजड, सोनेरी सामान त्याच्या डोळ्यांत भरले होते. संगमरवरी फळा तोलून धरणारे गरुड, सिंहाचे पंजे, शिंपले, मुखवटे, फुलाफळांची तोरणे हे सारे त्याने इंग्रजी दालनांत आणले. केंटचे मेज म्हणजे लाकडात उभारलेली लहानशी इमारतच होय.

या सोन्यामागील श्रम मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाहीत. पाइनसारख्या मऊ लाकडावर प्रथम कोरीव काम होई. त्यावर खडूची भुकटी व सरस यांच्या लेपाचे थरावर थर चढविले जात. त्यांत बुजलेली नक्षी पुन्हा बारीक हत्याराने उकरली जाई. नंतर तांबूस चिकणमातीचा हात, त्यावर पाण्याच्या ओलाव्याने बसविलेला सोन्याचा वर्ख आणि शेवटी अकीकासारख्या गुळगुळीत दगडाची घोटाई. काही भाग घोटून चकाकता करावयाचा, काही मुद्दाम मंद ठेवावयाचा. दोहोंच्या मेळातूनच मेणबत्तीच्या उजेडात नक्षी सजीव होई.

वैभवाचे हे प्रदर्शन स्वस्त नव्हते. नॉरफोकमधील हाउटन येथे रॉबर्ट वॉल्पोल या मुत्सद्द्याच्या वाड्यात केंटने योजलेला हिरव्या मखमलीचा पलंग आहे. १७३२ सालच्या बिलाप्रमाणे त्याच्या केवळ सोनेरी किनारीस १,२१९ पौंडांहून अधिक खर्च आला. केंटची कीर्ती एवढी वाढली, की त्याने एका स्त्रीच्या घागऱ्यावरही स्तंभांचे पाच प्रकार रेखिल्याची थट्टा खुद्द वॉल्पोलचा पुत्र होरेस याने लिहून ठेविली आहे.

पुढे अभिरुची पालटली. १७७९ साली हाउटनचा चित्रसंग्रह रशियाच्या कॅथरिन राणीकडे गेला. चिझिकचे बरेचसे सामान चॅट्सवर्थला हलले. भिंतीलगत ठेवावयाच्या मेजाची मागील बाजू बहुधा कोरलेली नसे, कारण ती कोणी पाहावयाची नव्हती. असे मेज आपल्या भिंतीपासून दूर होताच एकाकी दिसू लागते. त्याहून मोठी हानी उत्साही दुरुस्तीने होते. झिजलेल्या वर्खातून डोकावणारी तांबडी माती पाहून पुष्कळांस ते जुनाट वाटते; मग जुना लेप खरवडून नवे सोने चढविले जाते. वस्तू पुन्हा झळाळते, परंतु लेपात नक्षी उकरणाऱ्या कारागिराचा हात कायमचा पुसला जातो.

केंटचे नाव ग्रंथांत सुरक्षित आहे. ज्यांनी ते लाकूड कोरले आणि तो वर्ख घोटला, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे काळाने गिळली. त्यांची एकमेव सही त्या झिजलेल्या लेपावर उमटली आहे. जुने सोने जसेच्या तसे राखण्याचा आग्रह धरणारे जाणते लोक वस्तुतः तीच सही जपत असतात.