कोरफडीला किती पाणी?

भिवंडी तालुक्यातील एका कातकरी पाड्यावर आम्ही कोरफडीची रोपे वाटली. “रोज पाणी घाला,” असे मीच सांगितले. भर मे महिन्यात लांबून हंडे आणणाऱ्या बायांनी माझा शब्द पाळला आणि रोपे मुळाशी कुजली. एक आजी म्हणाली, “ताई, कुंपणाच्या शेराला कोण पाणी घालतं?” मी खजील झाले.

कोरफड, पानफुटी पाणी पानांत साठवतात; दिवसा पानांची छिद्रे मिटतात, रात्री उघडतात. त्यांना मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी. पावसाळ्यात पागोळ्यांखाली ती नकोत. नवी रोपे आम्ही उंचवट्यावर लावली आहेत. हंड्यातले पाणी आता लेकरांना पुरते. देण्याआधी विचारावे, हे मला आजीने शिकवले.