चुकारा अडला तर काय करायचे?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भाव किती मिळावा यावर आपण नेहमी बोलतो. आज ठरलेला भाव हातात कसा पडेल, यावर बोलू. काटा झाला, गाडी गेली आणि पैसे आलेच नाहीत, तर तो भाव काय कामाचा?

1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहिलेली माणसे इथे बसली आहेत. सरकार उशिरा देई, पण पळून जात नव्हते. आता खरेदीदार फोनवर भाव सांगतो, ज्वारीचे फोटो मागवतो, दारात गाडी लावतो. ‘आठ दिवसांत खात्यात टाकतो’ म्हणतो आणि नंतर फोन उचलत नाही.

पहिली गोष्ट. माल आपल्या ताब्यात आहे तोवर जोर आपला. 1930 चा माल विक्री कायदा सांगतो, की उधारी ठरली नसेल तर पैसे मिळेपर्यंत विकणाऱ्याला माल अडवून धरता येतो. गाडी फाट्याबाहेर गेली की हा हक्क संपल्यात जमा. फोनवर आलेला ‘पैसे पाठवले’चा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झालेले बघा, मग गाडी सोडा.

दुसरी गोष्ट कागदाची. काटा चिठ्ठीवर तारीख, वजन, भाव, गाडीचा नंबर आणि खरेदीदाराची सही घ्या. फोनवरचे निरोप पुसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही ते प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून चालतात.

खरेदीदार परवानाधारक असेल तर आधी बाजार समितीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. चुकारा सौद्याच्या दिवशीच द्यावा असा नियम आहे. परवाना जाण्याची भीती व्यापाऱ्याला कोर्टापेक्षा जास्त असते. म्हणून सौद्याआधी परवाना विचारा.

चेक दिला असेल तर तो तीन महिन्यांच्या आत आपल्याच खात्यात भरा. न वटल्यास कलम 138 लागते. इथे तारखा चुकवू नका. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत रजिस्टर पोस्टाने नोटीस. नोटीस पोचल्यावर त्याला 15 दिवसांची मुदत. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. समजा नोटीस 20 जानेवारीला पोचली. 4 फेब्रुवारीपर्यंत वाट पाहा आणि 4 मार्चपूर्वी फिर्याद दाखल करा. 2015 च्या दुरुस्तीनंतर ही फिर्याद आपले खाते ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. व्यापाऱ्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चेक नसेल तर दिवाणी दावा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे. ‘पुढच्या हंगामात देतो’ यात ती निघून जाते. मुदतीच्या आत त्याच्याकडून ‘इतके देणे बाकी आहे’ असे सहीने लिहून घेतले, तर मुदत नव्याने मोजली जाते.

ग्राहक मंचाकडे जाऊ नका. विकणारा हा ग्राहक नव्हे. पैसे थकले एवढ्यावर पोलीस गुन्हाही नोंदवत नाहीत. सुरुवातीपासून फसवण्याचाच बेत होता हे दाखवावे लागते. एकाच माणसाने दहा गावांत तेच केले असेल, तर दहाही जणांनी मिळून जा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे. मायबहिणींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमाइतकीच पक्की असते.

2020 च्या केंद्रीय व्यापार कायद्यात तीन दिवसांत चुकारा आणि प्रांताकडे 30 दिवसांत निकाल, अशी सोय होती. 2021 च्या अखेरीस तो कायदाच रद्द झाला आणि ती वाट बंद झाली. त्या कायद्याबद्दल मते काहीही असोत, थकलेल्या चुकाऱ्याचा निकाल तालुक्यातच आणि महिन्याभरात लागला पाहिजे, ही मागणी आपण सोडायची नाही.

तोपर्यंत प्रत्येक गावाने एक वही घालावी. कोणी माल नेला, किती नेला, चुकारा कधी दिला, सगळे लिहावे. बुडव्याचे नाव शेजारच्या गावाला कळले, की त्याची गाडी तिथे रिकामीच परत जाईल.